जुन्या पॉवर टिलरचे न मिळणारे पार्ट : कामाची नोंदवही

यंत्र : कुबोटा बनावटीचा जुना दोनचाकी पॉवर टिलर. एक सिलिंडरचं आडवं डिझेल इंजिन, हॉपरमधल्या पाण्यावर थंड होणारं. नावपट्टीवरची अक्षरं गेलेली, त्यामुळे मॉडेल नंबर सांगून पार्ट मागायची सोय नाही. चंदगड तालुक्यात भाताच्या खाचरात चिखलणीला वापरलेला आणि नंतर कित्येक वर्षं गोठ्याच्या पडवीत उभा असलेला. इंजिन सुटं करून चालवून पाहिलं, ते ठीक आहे. म्हणून या नोंदी फक्त गिअरबॉक्स, साइड क्लच (वळताना एका चाकाची ताकद तोडणारा), रोटरी (माती घुसळणारा पात्यांचा भाग) आणि बेल्ट-पुलीच्या आहेत. जुलैच्या चिखलणीपर्यंत काम संपवायचं ठरलं आहे.

४ फेब्रुवारी २०२४

यंत्र पूर्ण उतरवलं. डिझेलमध्ये दोन दिवस भिजवूनही रोटरीच्या चेनकेसचे चार बोल्ट हलले नाहीत. भोवतीचं बीड (ओतीव लोखंड) ब्लो-लॅम्पने तापवल्यावर सुटले. थेट बोल्ट तापवू नये, तो फुगून आणखी घट्ट होतो.

निघालेला प्रत्येक पार्ट वेगळ्या पिशवीत घातला. चिठ्ठीवर कुठून निघाला, कोणती बाजू बाहेर होती आणि शेजारी कोणता वॉशर होता ते लिहिलं. शिम (जागा भरायच्या पातळ चकत्या) आणि वॉशर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने तारेत ओवून ठेवले. याला एक दिवस जास्त लागतो, तो द्यावा.

पहिल्या पाहणीत निघालेली यादी : दोन्ही साइड क्लचचे दात गोल झालेले, रोटरी शाफ्टवर ऑइल सीलने (तेल अडवणाऱ्या रबरी कडीने) चर पाडलेली, चेन लांबलेली, बेल्ट ताणणाऱ्या पुलीचा बिडाचा ब्रॅकेट तीन तुकड्यांत, पुलीचे गाळे (बेल्टच्या खाचा) झिजलेले, निम्मे बोल्ट परके.

खरेदीआधी एक गोष्ट पाहून घ्यावी. आपल्याकडचे बरेच टिलर जपानी घराण्यांचेच आहेत. केरळात अथाणीला १९७३ साली सुरू झालेल्या कॅम्कोचे टिलर कुबोटाच्या तंत्रावर बनले, बंगळूरच्या व्हीएसटीचे मित्सुबिशीच्या. घराणं कळलं की या यंत्रांच्या पार्टचं माप आपल्या पार्टशी ताडून बघता येतं. पण दुकानात जाताना नाव सांगत बसू नका, पार्ट आणि व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) घेऊन जा. आम्हाला रोटरीची पाती आणि दोन लिव्हरच्या स्प्रिंगा अशाच मिळाल्या. बाकीचं शोधावं किंवा बनवावं लागणार.

११ फेब्रुवारी

आजचा दिवस बोल्टांनी खाल्ला.

हार्डवेअरमधून १० मिमीचे हाय-टेन्साइल बोल्ट आणले होते, ६४० रुपयांचे. गिअरबॉक्सच्या बाजूच्या झाकणाला पहिला बोल्ट लावला. तीन आटे हाताने गेला, मग जड झाला. जुना गंज असेल म्हणून पाना लावून अर्धा फेरा दिला, तेव्हा आतून वाळू चावल्यासारखी करकर आली. काढला तर टोकाला बिडाची पूड आणि भोकातले पहिले चार आटे साफ.

कारण असं : आपल्याकडे दुकानात मिळणारा साधा १० मिमीचा बोल्ट १.५ पिचचा, म्हणजे दोन आट्यांत १.५ मिमी अंतर असलेला. या यंत्रात आहेत ते एम१०×१.२५. जाडी तीच, आटे बारीक. दोन-तीन आटे फसवून आत घेतात आणि तिथेच घात होतो.

ओळखायची सोपी खूण म्हणजे बोल्टचं डोकं. जुन्या जपानी मापाच्या १० मिमी बोल्टला १४ नंबरचा पाना बसतो आणि १२ मिमीला १७. आपल्या बाजारातल्या १० मिमीला सहसा १७ लागतो आणि १२ ला १९. यंत्रावर १० च्या बोल्टला १७ चा पाना लागला, तर तो मागाहून कोणीतरी घातलेला आहे आणि त्या भोकाचे आटे आधी तपासायचे. असे पाच निघाले. ८ मिमीला ही अडचण नाही, तिथे दोन्हीकडे १.२५ च पिच.

योग्य बोल्ट मारुती ८०० चे पार्ट विकणाऱ्याकडे मिळाले. सुझुकीच्या गाड्यांत १० मिमीचे १.२५ पिचचे, १४ नंबर डोक्याचे बोल्ट भरपूर असतात. लांबी मोजून न्यायची. ९२० रुपये लागले.

बिघडलेल्या भोकात हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची कॉइल) बसवली : १०.३ मिमीचं ड्रिल, त्याच सेटमधला टॅप, मग कॉइल एक आटा आत. ३५० रुपये. पिच गेज तेवढ्यातच येतो. तो आधी घ्यायला हवा होता.

२५ फेब्रुवारी

बेअरिंगचं काम सर्वांत सोपं. नंबर जगभर एकच, कंपनी कुठलीही असो. ६२०६ म्हणजे ३० × ६२ × १६, ६३०५ म्हणजे २५ × ६२ × १७. नंबर घासला गेला असेल तर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि रुंदी मोजली की तक्त्यात सापडतो. सात बेअरिंगं, ३,१५० रुपये. मोकळ्या बेअरिंगच्या जागी रबरी झाकणाचं घालू नये. गिअरबॉक्समध्ये त्याला तेल बाहेरून मिळायला हवं, झाकण ते अडवतं.

ऑइल सीलही मापानेच मिळतात : आतला व्यास, बाहेरचा व्यास, रुंदी. नऊपैकी सात बेळगावात मिळाली. दोन मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरून मागवली. रोटरीला चिखलाचं काम, म्हणून तिथे धुळीचा ओठ असलेली दुहेरी सील घ्यायची. एकेरी सील स्वस्त पडतं, पण चिखल आत ओढतं. एकूण १,२६० रुपये.

बसवून, तेल भरून रात्रभर ठेवलं. सकाळी रोटरीच्या दोन्ही टोकांखाली थेंब होते. सील नवीन असूनही गळती, म्हणून शाफ्ट पुन्हा काढला. सील जिथे फिरतं तिथे राखाडी पट्टा होता. त्यावरून नख आडवं ओढलं की अडकतं. शाफ्ट ३५ मिमीचा, पट्ट्यात भरला ३४.२. सीलचा ओठ एवढ्या खोलात पोचत नाही. खरं तर सील विकत घेण्याआधीच नख ओढून पाहायचं असतं.

डावीकडे सीलच्या खोबणीत मागे जागा होती. ३ मिमीची लोखंडी रिंग टर्न करून मागे घातली, सील तेवढं बाहेर आलं आणि ओठ कोऱ्या जागेवर फिरू लागला. १५० रुपयांत काम झालं. रिंगच्या बाहेरच्या कडेला सीलंट लावावं, नाहीतर तेल रिंगच्या पाठीमागून वाट काढतं.

उजवीकडे जागा नव्हती. तिथे शाफ्ट ३२ ला उतरवला आणि ईएन ८ पोलादाचा स्लीव्ह (नळीसारखी बाही) चढवला. स्लीव्हचं आतलं माप ३१.९७, बाहेर अर्धा मिमी जास्त ठेवलेला. तव्यावर २०० अंशांच्या आसपास तापवला की एका दमात सरकतो. मध्ये थांबलात तर तिथेच धरतो. थंड झाल्यावर बाहेरून ३५ ला ग्राइंड केला. शेवटची पॉलिश ४०० च्या पेपरने, पेपर एका जागी धरून. तो पुढेमागे सरकवला तर शाफ्टवर बारीक पेचाच्या रेघा उमटतात आणि फिरताना त्याच रेघा तेल बाहेर उपसतात. १,१०० रुपये.

१० मार्च

या कामातली सर्वांत मोठी चूक या नोंदीत आहे.

साइड क्लचचा गिअर म्हणजे एका अंगाला दाते आणि दुसऱ्या अंगाला चार जबडे. लिव्हर सोडली की स्प्रिंग जबडे गुंतवते आणि चाकाला ताकद जाते. जबड्यांच्या कडा गोल झाल्या की लोडखाली ते एकमेकांवरून घसरतात आणि यंत्र एकाच बाजूला वळत राहतं.

उजव्या बाजूचा जुना गिअर नमुना म्हणून एका गिअरवाल्याकडे दिला आणि 'असाच हवा' एवढंच सांगितलं. त्याने तंतोतंत तसाच बनवला. बेंचवर जोडला, इनपुट शाफ्ट जाम केला, अ‍ॅक्सलवर चार फुटी पाइप घालून दोघांनी जोर दिला. जबडे हळूहळू सरकत बाहेर आले. स्प्रिंग कमजोर असेल म्हणून जाड घातली. लिव्हर हाताला जड झाली, जबडे तरीही निघाले.

जबड्याची काम करणारी बाजू मुळात सरळ नसते, किंचित आतल्या अंगाला कापलेली असते. त्यामुळे जोर आला की जबडे एकमेकांना आत ओढून घेतात. झिजल्यावर हाच उतार उलटा होतो आणि जोर आला की बाहेर ढकलतो. आम्ही झीजही हुबेहूब बनवून घेतली होती. त्या पार्टचे ३,४०० रुपये आणि सोळा दिवस गेले.

मूळ कोन आमच्याच हातात होता. टिलर रिव्हर्समध्ये फार कमी चालतो, म्हणून जबड्यांची रिव्हर्सकडची कड जवळजवळ कोरी राहते. निळा मार्किंग रंग लावून कोनमापकाने मोजली : ४ अंश आत. तोच कोन दोन्ही बाजूंना द्यायचा.

माप काढायची हीच रीत प्रत्येक पार्टला लागू पडते. झिजलेल्या जागेवर व्हर्नियर लावायचा नाही. जिथे काही घासत नाही ती जागा शोधायची : बेअरिंगच्या आतल्या रेसखालचा शाफ्ट, किवेचं (चावी बसते त्या खाचेचं) बंद टोक, बुशच्या बाहेर राहिलेली पिनची टोकं. तिथलं माप घ्यायचं आणि ते जवळच्या पूर्ण मापाशी जुळतं का पाहायचं. जपानी यंत्र आहे, त्यामुळे शाफ्ट ३४.८ चा नसतो, ३५ चाच असतो.

दात्यांचंही तसंच. २३ दाते, बाहेरचा व्यास ६२.३ भरला. जपानी गिअर मॉड्यूलमध्ये (दात्याच्या आकाराचं मिमीतलं माप) असतो : दाते अधिक दोन, गुणिले मॉड्यूल म्हणजे बाहेरचा व्यास. २५ × २.५ = ६२.५. टोकं थोडी घासलेली, म्हणजे मॉड्यूल २.५. गिअरवाला दहा डीपीचा (इंचातल्या मापाचा) म्हणत होता. तसा असता तर व्यास ६३.५ च्या आसपास आला असता, आणि नुसती टोकं घासून व्यास १.२ मिमीने कमी होत नाही. खात्रीसाठी तीन दात्यांवरचं माप घेतलं. हिशेबाने ते १९.२६ यायला हवं. मधोमध १८.९ भरलं. पण समोरचा गिअर जिथे पोचत नाही त्या कडेच्या दोन मिमीत १९.२१ मिळालं. फरक बॅकलॅशचा (दात्यांमध्ये मुद्दाम ठेवलेल्या सैलपणाचा), म्हणजे गिअर साधाच आहे. कडेलाही माप हिशेबापासून लांब असतं, तर दात्याला करेक्शन (मुद्दाम बदललेला आकार) दिलेलं आहे असं समजून ते शोधावं लागलं असतं.

२४ मार्च

दोन्ही बाजूंचे गिअर बेळगावच्या उद्यमबागेत नव्याने करून घेतले, या वेळी नमुना न देता ड्रॉइंग देऊन.

क्रम : ईएन ३५३ पोलादाचा बार, टर्निंग, हॉबिंग (दाते कापणं), डिव्हायडिंग हेडवर जबडे, मग केस हार्डनिंग (वरचा थर भट्टीत कठीण करणं), शेवटी बोअर (मधलं भोक) ग्राइंडिंग. कठीण थर ०.८ ते १ मिमी आणि कडकपणा ५८ ते ६० रॉकवेल सी मागितला. हार्डनिंगच्या भट्टीला किमान चार्ज असतो, एक पार्ट असो की पाच. म्हणून कठीण करायचे सगळे पार्ट एकाच वेळी द्यावेत. आम्ही लिव्हरच्या दोन पिनाही त्यातच टाकल्या.

पहिल्या गिअरच्या वेळी बोअर आधीच फायनल केला होता. भट्टीतून आल्यावर तो ०.०६ ने आवळला आणि शाफ्टवर चढेना. या वेळी ०.३ मिमी शिल्लक ठेवून कठीण केल्यावर ग्राइंड केला. जबड्यांच्या टोकांना अर्ध्या मिमीची फेस (तिरकी कड) मारून घ्यावी, धारदार कोपरा कडक झाल्यावर तडकून उडतो.

दोन्ही मिळून ८,६०० रुपये. पाइपवर तिघं लटकलो तरी जबडे जागचे हलले नाहीत, तेही जुन्या मूळ स्प्रिंगवर.

७ एप्रिल

बेल्ट ताणणाऱ्या पुलीचा ब्रॅकेट. बीड, तीन तुकडे, वजन २.८ किलो.

आधी वेल्डिंग करून पाहिलं. निकेल रॉड, एका वेळी इंचभर टाका, लगेच हातोडीने हलकं ठोकणं, थंड होऊ देणं. टाके चांगले बसले. दुसऱ्या दिवशी टाक्याच्या शेजारी केसासारखी नवी भेग होती. पूर्ण तुकडा आधी एकसारखा तापवून आणि नंतर राखेत हळू थंड करायला हवा होता. ९०० रुपये गेले. पण तुकडे जुळले आणि आकार पुन्हा हातात आला, तोच पुढे पॅटर्न (वाळूत साचा उठवायचा नमुना) म्हणून वापरला.

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगर आणि आसपासच्या फौंड्र्यांमुळे एक-दोन नग ओतून घेणं अजून शक्य आहे. वेगळी भट्टी कोणी लावत नाही. त्यांच्या एफजी २६० (बिडाचा एक दर्जा) च्या ओतणीत आपला साचा शेजारी ठेवतात, म्हणून त्यांच्या वेळेने जावं लागतं. आम्ही नऊ दिवस थांबलो.

जुना पार्टच पॅटर्न म्हणून वापरला तर नवा पार्ट लहान येतो. बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं. आमच्या ब्रॅकेटवर दोन भोकांतलं अंतर १८० मिमी, ते १७८.२ झालं असतं. त्यासाठी तीन गोष्टी केल्या. सगळी भोकं पुट्टीने बुजवली, ती ओतायचीच नाहीत. ज्या बाजू मशीनवर घासायच्या त्यांवर ३ मिमी प्लायवूड चिकटवलं. कडांना पुट्टीने थोडा उतार दिला, नाहीतर वाळूतून काढताना साचा मोडतो. पुट्टीवर दोन हात शेलॅक. हे काम पॅटर्नवाल्याने १,२०० ला केलं.

भोकांसाठी १० मिमीची प्लेट गिअरबॉक्सच्या तोंडावर धरून, ट्रान्सफर पंचने खुणा उतरवून जिग (भोकांच्या जागा दाखवणारी प्लेट) बनवली. मोडक्या तुकड्यांवरून भोकांची जागा घ्यायची नाही. सांधलेल्या पार्टचा कोन अर्धा अंश जरी चुकला तरी बेल्ट तिरका पळतो.

तीन नग ओतले, ८.४ किलो, १३० च्या दराने १,०९२ रुपये. एकच हवा होता, तरी तीन घेतले ते योग्यच झालं. पहिल्याच्या बेअरिंगच्या जागी बोअर करताना शेंगदाण्याएवढा ब्लोहोल (ओतताना राहिलेली पोकळी) उघडला. दुसरा स्वच्छ निघाला. मशीनिंग १,८००.

२१ एप्रिल

चेन. पाऊण इंची पिच, म्हणजे १९.०५ मिमी. जुन्या चेनच्या वीस कड्या ताणून मोजल्या. ३८१ हव्यात, ३८९ भरल्या. दोन टक्क्यांच्या वर गेलेली चेन नव्या स्प्रॉकेटवर घालू नये आणि नवी चेन जुन्या स्प्रॉकेटवर. दोघं एकमेकांना खातात.

दुकानातून 'पाऊण इंची चेन' म्हणून आणली, कापली, चढवली. दाते कड्यांत जेमतेम शिरत होते आणि हाताने फिरवताना प्रत्येक दात्याला टक-टक लागत होती. मोजल्यावर उलगडा झाला. पाऊण इंची चेन दोन घराण्यांत येते. १२ए मध्ये आतली रुंदी १२.५७ आणि रोलर ११.९१. १२बी मध्ये रुंदी ११.६८ आणि रोलर १२.०७. पिच दोन्हींचं एकच, म्हणून डोळ्यांना फरक दिसत नाही. जपानी यंत्राला १२ए लागते. कापलेली चेन परत कोण घेणार? ते १,१५० गेले. १२ए ला १,३५०, दोन स्प्रॉकेट २,२००. चेनच्या प्लेटवर नंबर ठोकलेला असतो, कापण्याआधी वाचावा.

५ मे

तीन बेल्ट, बी सेक्शन (व्ही-बेल्टच्या जाडी-रुंदीचं एक ठरलेलं माप). तिन्ही एकाच लॉटचे घ्यावे लागतात. लांबीत थोडा फरक असला तरी सगळा भार एकावरच येतो.

पुलीचे गाळे तळापर्यंत झिजले होते. बेल्ट बसवला की त्याची पाठ कडेच्या खाली जायची आणि पोट तळाला टेकायचं. बेल्ट कडांनी धरतो, तळाने नाही. तळाला टेकला की कितीही ताणा, घसरणारच. दोन्ही पुल्या पुन्हा कापल्या. कोन पाहून घ्यावा : बी सेक्शनला १९० मिमीपर्यंतच्या पुलीला ३४ अंश, त्यापुढे ३८. आमच्याकडे लहानीला ३४ आणि मोठीला ३८ निघाला. लेथवाला दोन्हींना एकच टूल लावणार होता. कापल्यावर दोन्ही व्यास ३ मिमीने उतरले आणि जुना बी-६२ सैल पडला. बी-६१ बरोबर बसला. म्हणून बेल्ट पुल्या कापल्यावरच घ्यावेत. कटिंग ७००, बेल्ट १,३५०.

१९ मे

गॅस्केट, लिव्हरच्या पिना, ग्रीस निपल, सगळं मिळून ५८०.

गॅस्केटचं एक लक्षात ठेवा. बाजूच्या झाकणाचा जुना कागद ०.४ मिमी होता. आम्ही ०.८ चा कापला, जाड म्हणजे गळणार नाही या हिशेबाने. हेच झाकण बेअरिंग दाबून धरतं. शाफ्ट आडवा हलू लागला आणि गिअर बदलताना खटका बसू लागला. ०.४ चा कागद घातल्यावर दोन्ही थांबलं.

९ जून

तेल भरून चालवला. पहिला तास नांगरणी नाही, फक्त गिअर बदलत रस्त्यावर. दोन तासांनी तेल गरम असतानाच काढलं. ड्रेन बोल्टला चुंबक चिकटवलं होतं, त्यावर काळी पेस्ट आली. पेस्ट चालते, बोटाला टोचणारा कण चालत नाही. एक कण सापडला, नव्या जबड्याच्या फेसचा. दुसऱ्या तेलात काही आलं नाही.

उजव्या रोटरी सीलखाली ओल दिसली, पण थेंब धरत नाही. चिखलात वीस तास चालल्यावर पुन्हा पाहायचं.

७ जुलै

चिखलणी चालू आहे. सव्वीस तास झाले. उजवं सील कोरडं, ओठ आता बसला आहे. डावीकडची लिव्हर पूर्ण सोडल्यावरही साइड क्लच कधीकधी उशिरा गुंततो. केबलच्या नळीत चिखल जातो आहे. नळीच्या तोंडाला रबरी टोपी लावायची आहे.

एकूण खर्च ३१,८९२ रुपये, डिझेल, तेल आणि रंग वेगळा. त्यातले ६,४४० निव्वळ चुकांवर गेले : चुकीचे बोल्ट आणि त्याने खराब झालेलं भोक, नकललेला गिअर, फसलेलं वेल्डिंग, १२बी चेन. वेळेचा हिशेब पैशांपेक्षा वाईट आहे. पाच महिन्यांतले निम्मे दिवस भट्टी, ओतणी आणि ग्राइंडिंगच्या रांगेत गेले. ती कामं पहिल्या पंधरवड्यातच एकत्र दिली असती, तर एप्रिलमध्ये यंत्र उभं राहिलं असतं.

साइड क्लच गिअरचं ड्रॉइंग, ब्रॅकेटचा पॅटर्न आणि जिग प्लेट जपून ठेवली आहे. तिसरं ओतीव न घासता तसंच तेल लावून ठेवलं आहे. याच बनावटीचा टिलर कोणाकडे असेल तर ते उपयोगी पडेल. मात्र भोकं पाडण्याआधी आपल्या गिअरबॉक्सच्या तोंडावर जिग धरून पाहा.